लाल मातीवरचा टर्की

दिवाळी अंकासाठी लिहायला सांगताना संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काका, काहीतरी प्रसन्न द्या. वसंत, पक्षी, तुमची चित्रं असं." मी बरं म्हटलं. त्यानंतर बरेच दिवस रोज सकाळी टेबलाशी बसलो आणि जे लिहिलं ते फाडलं, कारण त्यात प्रसन्न असं काही उतरेना. माझ्या बायकोला, विमलला, जाऊन आता दुसरा हिवाळा येईल. माझं लिहिलेलं आधी ती वाचायची आणि नको तिथे पेन्सिल मारायची. आता पेन्सिल मारणारं कोणी नाही, त्यामुळे जे आहे ते तसंच पाठवतो आहे. अंकात बसलं नाही तर परत करावं.

नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनामध्ये रानातल्या टर्कींची चित्रं काढत असे. हा माझा व्यवसाय होता. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी नवीन भेटलं की विचारायचं, "काय करता आपण?" मी सांगायचो. की लगेच पुढचा प्रश्न विमलला, "आणि वहिनी, तुम्ही?" ती एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होती. तिथे संभाषण सुरळीत व्हायचं. एकजण मात्र दरवर्षी न चुकता म्हणायचे, "काय मेश्राम, नागपूरला कोंबड्या नव्हत्या का? इतक्या लांब आलात ते!" सगळे हसायचे. मीही हसायचो. विमल हसत नसे.

ज्यांनी टर्की फक्त थँक्सगिव्हिंगच्या सणाला ताटात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रानातला टर्की हा ताटातल्या पांढऱ्या, फुगीर पक्ष्याचा पूर्वज असला तरी दोघांची ओळख लागणार नाही. रानातला चपळ असतो, उडतो, रात्री उंच झाडावर झोपतो आणि त्याची नजर माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. वसंतात नर पहाटे झाडावरूनच ओरडायला लागतो. उजाडलं की खाली उतरतो, ठरलेल्या जागी येतो, मोरासारखा शेपटीचा पंखा उघडतो, पंख जमिनीला घासत फिरतो. माद्या लांडोरींसारख्याच साध्या असतात आणि लांडोरींसारखंच त्याच्याकडे लक्ष नसल्याचं दाखवतात.

त्याचं सगळं सौंदर्य डोक्यात आहे, आणि डोक्यावर एक पीस नाही. नुसती कातडी, तीही सुरकुतलेली. पण ती रंग बदलते. मादीसमोर नाचताना माथा पांढराशुभ्र, गाल निळे. दुसरा नर आला, भांडण व्हायची वेळ आली, की रक्त चढतं आणि मान, गाल लालभडक होतात. पक्षी मेला की काही मिनिटांत हे रंग विझतात. त्यामुळे भुसा भरलेला टर्की समोर ठेवून चित्र काढता येत नाही. त्याचं डोकं भुसा भरणाऱ्याने स्वतःच्या आठवणीने रंगवलेलं असतं. पुष्कळ चित्रकार तसंच करत, आणि त्यांच्या चित्रातले पक्षी सगळे एकाच दुकानातून आणल्यासारखे दिसत.

म्हणजे जाऊन बसायला हवं. अंधार असतानाच जायचं, जाड बुंध्याला पाठ लावायची, अंगावर मातकट जाळी घ्यायची आणि हलायचं नाही. वसंत हा शिकारीचाही हंगाम असल्यामुळे एक नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला गेला: लाल, पांढरं आणि निळं अंगावर काही घालायचं नाही. शिकाऱ्याला झुडपाआड तेवढाच ठिपका दिसला तर तो टर्कीचं डोकं समजून गोळी घालतो. पांढरा रुमालसुद्धा खिशातून काढायचा नाही. या देशाच्या झेंड्याचे तीन रंग याच देशाच्या रानात जिवावर बेततात, हे मी विमलला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुमचा तो कागद?" खरंच की. माझी चित्रवही पांढरी होती. त्या संध्याकाळी तिने पातेलंभर कोरा चहा उकळला आणि आम्ही दोघांनी कागद एकेक करून त्यात बुडवून दोरीवर वाळत घातले. पुढे माझी रेखाचित्रं लोकांना फार आवडायची. जुन्या काळचा कागद कुठून आणता, असं विचारायचे.

रंगांचं सांगायचं तर, टर्की लांबून काळा दिसतो आणि पॅलेटवर काळा ठेवला की चित्र मेलं. ते पीस तांब्याचं असतं, कडेला हिरवं, कलतं झालं की जांभळं. मी गडद तपकिरी आणि निळा मिसळून त्याचा काळा करायचो आणि वर पातळ, पारदर्शक थर देत जायचो. थर वाळताना फिके पडतात. खालचा नेमका रंग पुन्हा दिसावा म्हणून मध्ये पातळ वॉर्निशचा हात द्यावा लागतो. या वॉर्निशची गोष्ट पुढे येणार आहे.

गिऱ्हाइकं बहुतेक शिकारीच. एक दंतवैद्य आठवतात. स्वतः मारलेल्या पक्ष्याचा फोटो घेऊन आले. पक्षी गाडीच्या टपावर आडवा, मान लोंबती. म्हणाले, याला जिवंत करून द्या. नराच्या छातीवर केसांचा एक झुपका असतो, त्याला दाढी म्हणतात, आणि ती जितकी लांब तितका शिकारी मोठा. चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, "दाढी जरा वाढवता येईल?" मी म्हटलं, फोटोत आहे तेवढीच काढली आहे. ते म्हणाले, "हो, पण चित्रात वाढवायला काय जातं?" मी दोन दिवसांनी विमलला म्हटलं, "विचारायला हवं होतं, तुम्ही माणसाचे दात वाढवून देता का?" ती म्हणाली, "अहो, देतात की. तेच तर करतात." दाढी मी वाढवली नाही. ते चित्र त्यांनी घेतलं आणि मित्रांना सांगताना दाढी तोंडी वाढवली असावी.

माझी बसायची जागा मॉरिसव्हिल गावाच्या कडेला मिस्टर हॉलिस नावाच्या म्हाताऱ्यांच्या शेतावर होती. तंबाखूची लागवड कधीच बंद झाली होती, वावरात गवत आणि पाइन माजले होते, मधून एक ओहोळ. मी पहिल्यांदा विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला वर-खाली पाहिलं. "बंदूक नाही?" "नाही." "मग त्यांना बघून करणार काय?" "चित्र." ते म्हणाले, "बस. पण माझ्या पक्ष्यांना जाड काढू नकोस." तिथे मी कित्येक वसंत बसलो. एक नर मला ओळखता यायचा, त्याच्या शेपटीतलं एक पीस कायम तिरकं असायचं. ओहोळाच्या पलीकडे, मोकळ्या जागेत तो रोज नाचायला यायचा.

मग मिस्टर हॉलिस गेले, मुलांनी जमीन विकली आणि तिथे वसाहत ठरली. तेव्हा सगळीकडेच तसं चाललं होतं. रिसर्च पार्कमध्ये रोज नवी कंपनी, रोज नवी माणसं, त्यात आपलीही पुष्कळ. घरं हवीतच, याबद्दल माझी तक्रार नाही, मीही घरातच राहतो. माझा राग वसाहतीच्या नावावर होता. नाव टर्कीवरून ठेवलं होतं. ज्याला घालवायचं त्याचं नाव दगडात कोरून प्रवेशद्वारावर लावायचं, ही इथली पद्धत मला कधी पचली नाही.

वसाहत बांधणाऱ्या कंपनीच्या विक्री विभागाचा ग्रेग नावाचा माणूस मला शोधत घरी आला. चाळिशीचा, हसरा, खांद्यावर हात ठेवून बोलणारा. क्लबहाउससाठी, म्हणजे रहिवाशांच्या सभागृहासाठी, त्याला भिंतभर चित्र हवं होतं. "याच जमिनीवरचा टर्की, याच जमिनीवर बसलेल्या चित्रकाराने काढलेला! लोकांना गोष्ट आवडते." मी नाही म्हणणार होतो. पण त्याच आठवड्यात ओहोळापलीकडच्या पाइनच्या कोपऱ्यात एका मादीने जमिनीवर घरटं केलेलं मी पाहिलं होतं. अंडी उबवायला तिला चारेक आठवडे लागतात, तेवढ्या काळात ती जवळजवळ उठतच नाही. मी ग्रेगला म्हटलं, चित्र देतो. पण पिल्लं निघेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही.

"एवढंच?" तो म्हणाला आणि हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः माझ्याबरोबर आला, त्या कोपऱ्याभोवती खुंट्या ठोकायला लावल्या आणि त्यांना गुलाबी फिती बांधल्या. मादी पानांत बसून होती. त्याने तिला पाहिलं. "वॉव," म्हणाला, अगदी हळू आवाजात. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्याने तिला पाहिलं होतं.

दोन आठवड्यांनी मी पहाटे गेलो तेव्हा एकही झाड नव्हतं. मी ज्याला टेकून बसायचो तो बुंधाही नव्हता आणि ओहोळापलीकडचा कोपराही नव्हता. तिकडची माती लाल आहे, विटेसारखी. लांबवर नुसती लाल माती, यंत्रांच्या पट्ट्यांचे ठसे आणि मध्ये एक गुलाबी फीत बांधलेली खुंटी, तिरकी झालेली. मी उभाच राहिलो. उजाडलं आणि तो आला. तिरक्या पिसाचा नर. नाचायच्या जागी आला, म्हणजे जिथे ती जागा होती तिथे, आणि त्याने पंखा उघडला. समोर मादी नव्हती. झाड नव्हतं. तो गोल फिरत राहिला. त्याचं डोकं लाल झालेलं होतं. कोणाशी भांडायला, ते मला माहीत नाही. मी चहाचा कागद काढला आणि त्याला रेखाटत राहिलो.

ग्रेग कार्यालयात होता. तो खोटं बोलला नाही, एवढं खरं. वेळापत्रक बदललं, म्हणाला, पावसाआधी करावं लागलं. मग म्हणाला, "मी वाचलंय, घरटं गेलं तर त्या पुन्हा अंडी घालतात. हो ना?"

घालतात. कधीकधी घालतात. म्हणूनच मी तसाच उठून निघालो. अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाचा जितका राग येतो तितका खोटारड्याचा येत नाही.

घरी येऊन मी ग्रेगसाठी सुरू केलेला कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. विमलला म्हटलं, चित्र द्यायचं नाही.

ती भांडी विसळत होती. "का नाही द्यायचं?"

"का म्हणजे? त्याने शब्द मोडला."

"त्याने मोडला. तुम्ही कशाला मोडता?" हात पुसत ती म्हणाली. "याच जमिनीवरचा टर्की पाहिजे म्हणाला ना? मग आज सकाळी दिसला तो काढा. जसा दिसला तसा."

मी तो काढला. महिनाभर दुसरं काही केलं नाही. लाल माती, अगदी क्षितिजापर्यंत. मध्ये पंखा उघडलेला नर, डोकं रक्तासारखं लाल. उजव्या कोपऱ्यात तिरकी खुंटी आणि गुलाबी फीत. तेवढं चांगलं चित्र मी त्याआधी काढलं नव्हतं आणि नंतरही नाही. डाव्या बाजूला खाली, मातीतच, बारीक अक्षरात सही केली, पातळ वॉर्निश दिलं आणि पोचवलं. मला वाटत होतं ग्रेगला लाज वाटेल. त्याने ते बराच वेळ पाहिलं, म्हणाला, "ब्यूटिफुल," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला काहीही कळलं नव्हतं. किंवा सगळं कळलं होतं. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

त्या वसाहतीत आपल्या मंडळातल्या समीरने घर घेतलं. पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये, नुकतं लग्न झालेलं. शरद ऋतूत त्याने मंडळाच्या दिवाळी फराळासाठी क्लबहाउस मिळवलं आणि आम्हाला आग्रहाचा फोन केला. "काका, काकू, यायचंच! तिथे तुमचं पेंटिंग आहे ना, सही आहे एकदम. मी सगळ्यांना सांगतो, आमचे काका आहेत म्हणून."

रविवारची दुपार होती. आत शिरलो आणि मी थांबलो. भिंतीवर माझा नर होता, पण तो हिरव्यागार रानात उभा होता. माती दिसत नव्हती. गवत, फुलं, मागे पाइन, पाइनांतून येणारं ऊन. कोणाला तरी बोलावून त्यांनी माझ्या मातीवर जंगल रंगवून घेतलं होतं. डोक्यावरचं लालही पुसट करून त्यावर छान निळा दिला होता. माझी सही गवताखाली गेली होती, म्हणून त्या माणसाने उजव्या कोपऱ्यात ती नव्याने घातली होती. मोठी. ठळक. आर. मेश्राम.

"काका, मस्त ना?" समीर मागून म्हणाला. "काय ग्रीनरी आहे यार!"

मी त्या सहीकडे पाहत राहिलो. माझे वडील नागपुरात, इंदोऱ्यात फलक रंगवायचे. दुकानांचे, लग्नाचे, एप्रिलातल्या जयंतीचे. आयुष्यभर लोकांची नावं सुबक अक्षरांत लिहिली, पण खाली स्वतःचं नाव टाकू द्यायला कोणी गिऱ्हाईक तयार नसायचं. माझी पहिली छापील सही त्यांना पाठवली तेव्हा त्यांनी ती कापून पाकिटात ठेवली होती. तेच नाव आता एका परक्या हाताने, न पाहिलेल्या गवतावर लिहिलं होतं.

विमल चित्राजवळ गेली. नाक जवळ नेलं. बोटाच्या नखाने कडेला थोडं खरवडलं. परत येऊन मला हळूच म्हणाली, "तुमचं वॉर्निश खाली आहे ना अजून?"

"हो."

"वरचा रंग ताजा आहे. तुमचा टर्पेंटाइन गाडीत आहे?"

"असेल. डब्यात. विमल, काय करतेस?"

"किल्ली द्या."

ती गेली आणि आली. पर्समध्ये बाटली, हातात कापूस. खोलीत साठ-सत्तर माणसं होती, चकल्यांच्या ताटांभोवती गर्दी, कोणीतरी माईक तपासत होतं. विमल चित्राच्या उजव्या कोपऱ्याशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. प्रयोगशाळेत काचेची पट्टी पुसावी तसं तिने शांतपणे, एकाच दिशेने पुसायला सुरुवात केली. वॉर्निश टर्पेंटाइनमध्ये विरघळतं आणि त्याच्यावर जे काही असेल ते घेऊन निघून येतं. आधी मेश्राम गेलं. मग आर. गेला. मग त्याखालचं गवत. कापूस हिरवा झाला की ती तो रुमालात गुंडाळायची आणि दुसरा घ्यायची.

टर्पेंटाइनचा वास पसरला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अगं विमल, हे काय करतेस?"

"डाग पडलाय, काकू," ती वळून न बघता म्हणाली. "पुसते."

मी तिच्याजवळ गेलो. आतापर्यंत ताटाएवढी जागा मोकळी झाली होती. खाली लाल माती होती आणि तिरकी खुंटी, गुलाबी फितीसकट. मी म्हटलं, "अजून थोडं. डोकं तरी." तेवढ्यात समीर आला. त्याने कोपरा पाहिला, बाटली पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. क्लबहाउस त्याच्या नावावर घेतलेलं होतं. "काकू, प्लीज. मला घरमालक संघाचे लोक..." तो पोरगा रडायच्या बेतात होता. विमलने बाटलीचं बूच लावलं.

"तुझी चूक नाही, समीर," ती म्हणाली. "विचारलं तर सांग, मेश्रामांच्या बायकोने केलं. फोन नंबर दे आमचा."

फोन कधी आला नाही. बहुतेक कोणी पाहिलंच नाही. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, अजून अर्धा तास मिळाला असता तर सगळी माती निघाली असती. ती गाडी चालवत होती. नेहमीपेक्षा कितीतरी जोरात, आणि ती रागावली आहे हे मला तेव्हा कुठे कळलं. "माती त्यांनी झाकली, ती त्यांच्याकडे राहू दे," ती म्हणाली. "तुमचं नाव तिथे का म्हणून?"

त्यानंतर मी क्लबहाउसांसाठी चित्रं काढली नाहीत. नर पुढच्या वसंतात त्या बाजूला दिसला नाही.

विमल गेल्यावर मंडळाने शोकसभा घेतली. जागा मोठी हवी म्हणून तेच क्लबहाउस घेतलं. मला ते आदल्या दिवशी कळलं. चित्र तिथेच होतं, आता पिवळट झालेलं. विमलने पुसलेल्या उजव्या कोपऱ्यासमोर कोणीतरी प्लॅस्टिकच्या झाडाची कुंडी ठेवली होती. एकेकजण बोलायला उठत होतं. सगळे चांगलं बोलले, मनापासून बोलले. विमलताई किती शांत होत्या. कधी आवाज चढवला नाही. किती सोशिक. तो शब्द तीन वेळा आला. सोशिक. चौथ्यांदा आला तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. बोलणारा थांबला, त्याला वाटलं मला बोलायचं आहे. मी भिंतीपाशी गेलो, कुंडी दोन्ही हातांनी उचलून बाजूला केली आणि परत येऊन बसलो.